हाताचा गुण

लस्सीचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आतच कोकिळाबाईंच्या मनात शब्द आला तो असा: चोरी! दुसऱ्याच्या दोरीवर आपलं लुगडं वाळताना दिसावं, तसं झालं त्यांना. खरं म्हणजे हबीबच्या दुकानात त्या लस्सी प्यायला आल्याच नव्हत्या. स्टेशनच्या रस्त्यानं दह्याचे प्लॅस्टिकचे डबे आणायला निघाल्या होत्या, वैशाखातलं खामगावचं ऊन, वरून तेलगिरणीकडून येणारा ढेपेचा वास, आणि डोळ्यांपुढं एकदम पिवळं पिवळं झालं. हबीब गल्ल्यावरून उठून धावला, "मावशी, बसा बाप्पा, पडसान!" म्हणाला आणि न विचारता हातात ग्लास दिला. लग्न होऊन या गावात आल्यापासून बाईंनी दुसऱ्याच्या हातचं दही तोंडात घातलं नव्हतं. पंगतीत कोणी वाढलंच तर बोटानं पानाच्या कडेला सारायच्या. गर्व होता तो, आणि गर्व आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण आज चक्कर आली, घोट घेतला गेला, आणि चक्कर डोक्याला येते, जिभेला थोडीच येते? जिभेनं ओळखलं. आधी साखर, साखरेखालून सायीचा गोडवा, मग सावकाश वर येणारी आंबट कड, आणि अगदी शेवटी पातेल्याच्या खरवडीचा पुसट वास. हे माझं दही. पाडव्याच्या आधी मेलं ते. माझ्या डोळ्यांदेखत मेलं, आणि इथं हबीबच्या मिक्सरमध्ये खुशाल जिवंत!

"दही कोनाचं हाय रे हे?"

"अख्तरीआपाचं. काऊन? आंबट लागलं का?"

"नाही. बरं हाय," कोकिळाबाई म्हणाल्या.

बरं हाय! जे दही खायला नांदुऱ्या-शेगावचे पाहुणे वाट वाकडी करून यायचे, त्याला त्या 'बरं हाय' म्हणाल्या. अख्तरी म्हणजे कोणी लांबची नव्हे. वीस वर्षं त्यांच्याच डेअरीत दूध गाळणारी, पातेली घासणारी, श्रीखंडासाठी दह्याचा चक्का फडक्यात टांगणारी बाई. चोरली असेल, जाता जाता पदराखाली वाटी नेली असेल, असं त्यांनी मनाला दोनदा सांगून पाहिलं. मन ऐकेना. कारण वाटी त्यांनीच दिली होती. अख्तरीची पोरगी फिजा लहानपणी तापातून उठली तेव्हा 'हे घरी लावत जाय, पोरीले भातासंगं देत जाय' असं म्हणून त्यांनीच दिली होती, आणि अख्तरीनं ती लावत ठेवली होती, इतकंच. चोरी असती तर किती बरं झालं असतं. बाईंना राग आला, आणि तो ठेवायला जागा मिळेना.

तसा बाईंच्या नवऱ्याच्या, वामनरावांच्या, डेअरीचा कारभार साधाच होता. दूध वामनरावांचं, गाडीवरून पोचवायचं काम पुतण्याचं, गोविंदाचं, आणि हात कोकिळाबाईंचा. बायका म्हणायच्या, दूध कुठलंही आणा, बाईंचा हात लागला की दही सुरीनं कापा. आता हात म्हणजे काय हो? दूध कोमट झालं का ते करंगळी बुडवून पाहायचं, आदल्या दिवसाचं दही चमच्यानं घेऊन त्यात फिरवायचं, झाकण ठेवायचं. यात कसली विद्या? पण लोक म्हणत गेले आणि बाई ऐकत गेल्या. रूप फार नव्हतं, शिक्षण सातवीपर्यंत, पोटी मूलबाळ नाही. वामनराव चारचौघांत कौतुक करणाऱ्यांतले नव्हेत. माणसाला जगायला काहीतरी आपलं लागतं. बाईंना हा हात होता. रात्री झोपताना त्या उजव्या हाताला खोबरेल लावायच्या, डाव्याला नाही. हसू येतं ना? येऊ द्या. ज्याचं त्याला कळतं.

आणि पाडव्याच्या तोंडावर, साऱ्या गावाचं श्रीखंड लागायचं तेव्हा, दही बसलं नाही. सकाळी झाकण काढलं तर दूध दूधच. वर पिवळसर पाणी, खाली बोटाला तार येणारं काहीतरी. एक पातेलं नाही, सगळी. दुकानात गिऱ्हाईक उभं, गोविंदा कपाळाला हात लावून बसलेला, आणि वामनराव आत येऊन विचारतात, "काल इरजण कोनं लावलं?" विचारायचं काय त्यात? इरजण कोण लावतं हे भिंतींनासुद्धा माहीत होतं. अख्तरी नुसती झाकण धरून उभी होती, रोजच्यासारखी. सगळे बाईंच्या हाताकडं पाहत होते, निदान त्यांना तसं वाटलं, आणि त्यांनीही पाहिलं. हाताच्या शिरा वर आलेल्या. गेला का माझा हात? मग तोंड उघडलं आणि आतून तयारच असलेला शब्द बाहेर पडला: "हिचा हात लागला. हिच्या हाताचा इटाळ झाला पातेल्याले." वीस वर्षांत त्या घरात हा शब्द कोणी अख्तरीसाठी वापरला नव्हता. कुठं बसला होता तो इतकी वर्षं? दातांच्या मागंच असणार, नाहीतर इतक्या चटकन येतो कसा? गिऱ्हाइकांतली एक बाई "माय वं!" म्हणाली. अख्तरीनं झाकण खाली ठेवलं, आवाज न करता. नळावर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, आणि पायऱ्या उतरून गेली. जाताना हात कशाला धुतले असतील तिनं? हे एक कोडं बाईंना रात्ररात्र उठवून बसवायचं.

पुढची गंमत ऐका. वामनरावांनी संग्रामपूरला बहिणीकडं माणूस धाडून नवं इरजण आणलं आणि दही बसलं! आता बोला! वामनराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पाह्यलं? ते गेली अन् दही लागलं." गल्लीनं मान डोलावली. ज्या चार घरी अख्तरी भांडी घासायची, त्या घरांनी आठवड्याभरात तिला 'सध्या नको' सांगितलं. आणि मग संग्रामपूरचं दहीही पातळ झालं. पुन्हा नवं आणलं, चार दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. तेव्हा मात्र कोणी म्हणालं उन्हाळा, कोणी म्हणालं गुरांच्या सरकीत खोट आहे, कोणी म्हणालं लाइट जाते. अख्तरी तर गेलेली, मग आता हात कोणाचा, हे एकानंही विचारलं नाही. एकदा गुन्हेगार सापडला की लोकांना पुढच्या गुन्ह्याची उठाठेव नको असते. बाईंनीही विचारलं नाही. त्या हाताला तेल लावत राहिल्या.

शेवटी दुसरबीडच्या भावाची पोरगी, मयुरी, आली. ही अकोल्याला दुधाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तिनं कुपीत काय काय भरून नेलं आणि पुढच्या रविवारी येऊन, ओट्यापाशी उभी राहून, भाजी निवडत निवडत सांगितलं. म्हणाली, "आत्या, दही जिवाणू लावतात, हे तुला माहीत आहे. त्या जिवाणूंनाही रोग होतो. त्यांचा एक विषाणू असतो, फाज म्हणतात त्याला. माणसानं खाल्ला तरी काही होत नाही, गाईगुरांना काही नाही. तो फक्त दह्याच्या जिवाणूत शिरतो, आत आपली पिलावळ वाढवतो आणि त्याला फोडून बाहेर येतो. तोही वाटेल त्या जिवाणूत नाही शिरत, ज्याचा त्याचा ठरलेला असतो. म्हणून तुम्ही दुसऱ्याचं इरजण आणलं की चार दिवस बरं चालतं, मग त्याचाही वैरी तयार होतो." "येते कुठून ते?" बाईंनी विचारलं. मयुरीनं पालकाची जुडी खाली ठेवली. "चक्का टांगला की खाली जे पाणी गळतं ना, निवळी, ती तुम्ही काय करता?"

काय करता म्हणजे? त्या घरची रीतच होती. पातेलं घासून झालं की निवळीनं विसळायचं आणि त्यातच नवं दूध ओतायचं. भांडं उपाशी ठेवू नये, भांडं कोरडं राहिलं की दही रुसतं, असं त्या घरात पहिल्यापासून चालत आलेलं. निवळीचं फडकं फिरवून फळ्यासुद्धा पुसायच्या त्या, दह्याची खोली दह्यासारखी राहावी म्हणून. मयुरी म्हणाली, "त्याच पाण्यात तो असतो, आत्या. कोटींनी असतो. कधीतरी कुठूनतरी एक आला, आणि तुम्ही रोज त्यालाच जोपासत राहिलात." मयुरी चांगली पोरगी, तिनं 'तुम्ही' म्हटलं, 'तू' नाही. पण विसळायचं काम कोण करायचं हे काय लपून होतं? बाईंनी मग हळूच, जसं काही दुसऱ्याच कोणाचं विचारतोय असं, विचारलं, "मंग हाताचं काही नसते?" "हाताचं काय असणार आत्या!" मयुरी हसली आणि पालक धुवायला गेली.

त्या एका हसण्यानं अख्तरी सुटली, हे बाईंना लख्ख कळलं. पण त्याच हसण्यानं आणखी काय झालं ते मयुरीला कळलं नाही. हातात दोष नसतो म्हटलं की हातात गुणही नसतो. म्हणजे इतकी वर्षं दही बसत होतं ते जिवाणूंनी बसवलेलं, आणि बाईंचा हात नुसता मध्ये मध्ये करत होता! अख्तरीला निर्दोष म्हणायचं तर आधी स्वतःला कोणीच नाही म्हणायला हवं होतं. ते त्यांच्यानं होईना. वामनरावांना त्यांनी एवढंच सांगितलं की मयुरी म्हणते भांडी, फळ्या, भिंती औषधानं धुवा, निवळी गटारात ओता, खोली काही दिवस बंद ठेवा. बाकीचं पोटात ठेवलं. मयुरीनं विचारलं होतं, "जुनं दही आधीच कोणी घरी नेलेलं आहे का? जिथं निवळीचा संबंध नाही, तिथं ते जिवंत असेल." बाई म्हणाल्या, "कोनी नाही."

आणि आता ते 'कोनी नाही' ग्लासात होतं. बाईंनी लस्सी संपवली. तळाशी राहिलेली साय बोटानं पुसून घेतली, हबीब बघतोय का हे न पाहता. मग उठल्या आणि डब्यांचं दुकान मागं टाकून अख्तरीच्या मोहल्ल्याकडं निघाल्या. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होत्या. इकडून चालली होती, म्हटलं पाहावं. फिजाचं कसं काय. ऊन फार. ताकाला जाऊन भांडं लपवायचं दुसरं काय! आणि त्यांच्यापाशी तर भांडंही नव्हतं.

अख्तरी दारातच तांदूळ पाखडत बसली होती. बाईंना पाहून सूप खाली ठेवलं, पण उठली नाही. बाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तशी म्हणाली, "भाभी, तिथंच थांबा. बुरा मानू नका. अंदर येऊ नका." बाईंचा दुसरा पाय हवेतच राहिला. उभ्या जन्मात कोणी त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवलं नव्हतं. "तुमच्या लुगड्यालेही असू शकते ते, मयुरी म्हने," अख्तरी सांगत होती, अगदी साध्या आवाजात, "माह्या दह्याले लागलं तर माह्यापाशी दुसरं काय हाय?"

"मयुरी? मयुरी इथं आल्ती?"

"आल्ती ना. गोविंदानं पत्ता देला. समदं समजावून गेली बिचारी. पानीही नाही पेली, रोजा होता म्हून मी घेत नोती तर."

म्हणजे ही रमजानपासून जाणते! बाईंच्या कानशिलात रक्त चढलं. जाणते, आणि आली नाही. भांडायला आली नाही, दारात उभी राहून चार शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर फिटंफाट झाली असती. "मंग तू आली काऊन नाही?" त्यांनी विचारलं, आणि आवाज चक्क रागाचा निघाला. अख्तरीनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "मी येऊ? मीच येऊ, भाभी?" मग सुपातला खडा वेचून बाहेर फेकत म्हणाली, "तुमच्या लोकाईनं काम सोडवलं ते सोडवलं. आता आमच्यातही बायका म्हनतात, इसके हाथ से दूध फटता है. मागल्या शादीत बिर्यानीचं दही मले फेटू नाही देलं. फिजाच्या सासरचे पुसून राह्यले, तुह्या आईच्या हाताले काय झालं म्हने. काय सांगू त्याईले? फाज सांगू?"

बाई खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोला. आणि त्याच वेळी त्यांचं लक्ष घरात, कोनाड्याजवळ झाकून ठेवलेल्या दह्याच्या कुंड्याकडं होतं, हेही खरं. अख्तरीनं ते ओळखलं. वीस वर्षांची संगत. उठून आत गेली, कोरा करकरीत स्टीलचा डबा काढला, उकळत्या पाण्यातून काढून पुसला, त्यात दही घातलं आणि झाकण दाबून पायरीवर ठेवून मागं सरली. "घ्या. इरजन मांगनाऱ्याले नाही म्हनू नये."

"मी मांगलं कुठं अजून?"

"मांगासाठीच आल्ते ना?" अख्तरी पहिल्यांदा हसली. मग हसू गेलं. "येक करा, भाभी. पैसा नको, काम नको, माफीबी नको. तुमी ते बोल्ले तवा दुकानात गिऱ्हाईक होतं, मालक होते, गोविंदा होता. तसंच समदे असतीन तवा येवढंच म्हना: अख्तरीचा हात नोता. बस. लोक आपोआप सांगतीन येकमेकाले, जसं ते सांगितलं तसं."

"सांगतो," कोकिळाबाई म्हणाल्या. "उद्याच सांगतो. सांगत नाही का बाप्पा!" आणि तेव्हा त्यांना तसं मनापासून वाटत होतं. परतताना डबा पोटाशी धरला होता. वाक्य केवढं, तीन शब्दांचं. चालता चालता त्यांनी ते पुटपुटून पाहिलं. रिकाम्या रस्त्यावर सोपं जात होतं. मग गल्ली आली, ओळखीची दारं आली, "काय काकू, ऊनाचं कुठं?" आलं, आणि पुढचे प्रश्न बाईंना आपोआप ऐकू यायला लागले. हात नव्हता? मग काय होतं? निवळी? मग निवळी कोण फिरवायचं, काकू? आणि हाताचा गुण म्हणत होतो ते मग काय होतं? घरी पोचल्या तर वामनराव ओट्यावर बसलेले. डबा पाहून म्हणाले, "काय आनलं?" बाई म्हणाल्या, "इरजण. भावानं धाडलं, दुसरबीडहून. येष्टीत दिलं कोनापाशी." इतकं सरळ निघालं तोंडातून की त्यांचा त्यांनाच विस्मय वाटला. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाल्या. आज दमले.

दही बसलं. धुतलेल्या खोलीत, उकळलेल्या भांड्यांत, निवळीचा थेंब न लावता बसलं, आणि पहिल्याच चमच्याला सुरीनं कापल्यासारखी कड आली. जुनी चव परत आली ही बातमी गल्लीत फिरायला वेळ लागला नाही. मयुरीनं बजावलं होतं की जुन्या दह्याचा वैरी कुठल्या फटीत उरला असेल तर ते आधी मरेल, तेव्हा किती टिकेल देव जाणे; पण आज तर होतं. दुकानात गर्दी. वामनराव खुशीत, गोविंदा डबे भरतोय, आणि एक म्हातारे गृहस्थ चमचा चाटून म्हणतात, "आला बुवा बाईचा हात परत!" कोकिळाबाई हसल्या. आतून इतकं बरं वाटलं त्यांना, इतकं, की लाजच वाटली. आणि मान वर केली तर गर्दीच्या कडेला अख्तरी उभी. डोक्यावर ओढणी, हातात पिशवी, गिऱ्हाइकासारखी. नंबर लावून पुढं आली, काउंटरला बोटं टेकून उभी राहिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाभी, दही मस्त लागलं म्हनतात. इरजन कुठचं?"

विचारलं नव्हतं तिनं, वाट करून दिली होती. गिऱ्हाईक होतं, मालक होते, गोविंदा होता. वाक्य बाईंच्या जिभेवर होतं, अगदी टोकावर, तीन शब्द. म्हातारे गृहस्थ चमचा हातात धरून त्यांच्याकडं कौतुकानं पाहत होते.

"दुसरबीडचं," कोकिळाबाई म्हणाल्या. "माह्या भावाचं."

अख्तरीनं काउंटरवरून बोटं उचलली. तिच्या तोंडावर राग आला असता तर बाईंना तो चालला असता. राग आला नाही. मान हलवून ती म्हणाली, "असं का. भाव चांगला हाय तुमचा." मग जायला वळली, आणि वळता वळता गिऱ्हाइकांना उद्देशून, मोठ्यानं, नीट, म्हणाली, "बाकी इरजन कुठचंबी असो बाप्पा, हाताले गुन लागते. तो भाभीच्या हाताले हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पायऱ्या उतरून ती गेली तसे वामनराव पुढं झाले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हे काऊन आल्ती? कुठं हात-बित तर नाही ना लावला तिनं? आत्ताच कुठं लागून राह्यलं."

"लावला होता," कोकिळाबाई म्हणाल्या, "इथं." आणि फडकं ओलं करून, जिथं अख्तरीची बोटं टेकली होती तिथं, सगळ्यांच्या देखत, काउंटर पुसायला लागल्या.